हवेतला हूक

१

ड्रॉइंग हॉलमधल्या लांब टेबलावर दोन शीट्स शेजारी शेजारी पसरल्या होत्या आणि त्यांतली निदान एक चोरीची होती. एवढं ओळखायला कुणी मोठा गुप्तहेर लागत नव्हता. रेघेला रेघ आणि वर्तुळाला वर्तुळ जुळत होतं. दोन वेगळ्या डोक्यांतून अशी जुळी चित्रं निघत नाहीत.

मंजुषा विधातेने एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं आणि तिचं माथं भडकलं. दोन हजार तीन सालचा फेब्रुवारी होता. आग्रा रोडच्या कडेला, नाशिकच्या वेशीवर उभ्या राहिलेल्या एका नव्याकोऱ्या खाजगी कॉलेजात मंजुषा एम. ई. करत होती आणि तिथेच पहिल्या वर्षाच्या मुलांना डिझाईन आणि ड्रॉइंग शिकवायला टीचिंग असिस्टंट म्हणून उभी राहत होती. मुलं तोंडावर मॅडम म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते तिला ठाऊक नव्हतं आणि तिने कधी चौकशीही केली नव्हती.

त्या सहामाहीचं काम असं, की आपल्या आसपासचं एखादं कष्टाचं काम हलकं करणारी वस्तू ज्याने त्याने स्वतः सुचवायची आणि तिची शीट काढून जमा करायची. सगळ्यांत चांगली शीट पुण्याच्या प्रदर्शनाला जाणार होती. आणि ज्याची शीट खोटी निघेल त्याची टर्म ग्रँट होणार नव्हती. म्हणजे परीक्षेला बसायचं नाही, वर्ष फुकट.

दोन्ही शीट्सवरची वस्तू द्राक्षबागेसाठी होती. बागेत घड औषधात बुडवायचं काम असतं, त्याला सगळे डिपिंग म्हणतात. मजूर औषधाचा मग हाताने वर धरून मांडवाखालचा एकेक घड त्यात बुडवत पुढे सरकतो. दिवसभर हात वर. शीटवर तो मग बांबूच्या दांड्याच्या टोकाला बसवला होता आणि दांड्याचं खालचं टोक कमरेच्या पट्ट्यातल्या खोबणीत रोवलं होतं, म्हणजे सगळा भार कमरेवर. मगाभोवती सांडणारं औषध झेलायला एक गोल पन्हळ होती. साधी गोष्ट, पण इतक्या वर्षांत कुणाला सुचली नव्हती.

पहिली शीट साई कोठावदेची. इंदिरानगरात राहणारा, स्वच्छ शर्टातला, अदबीने बोलणारा मुलगा. त्याची शीट गेल्याच आठवड्यात आली होती आणि मंजुषाने ती हातात धरून बाकाबाकांमधून फिरवली होती. त्या शीटवर दांड्याशेजारी एक छोटा, शेपूट वर गेलेला हूक होता. काम थांबलं की मांडवाच्या तारेला अडकवायला. ह्या हुकावर तर मंजुषा बेहद्द खूश झाली होती. "बघा, ह्याला म्हणतात डिझाईन," असं तिने वर्गाला सुनावलं होतं. मागच्या बाकांवर तेव्हा खसखस पिकली होती आणि तिला वाटलं होतं, जळतात मेली. हूक टॉप व्ह्यूमध्ये, म्हणजे वरून दिसणाऱ्या चित्रात, काढायचा राहिला होता, दांड्याला कुठे जोडलाय तेही दिसत नव्हतं आणि तिथेच दांड्याची लांबी लिहायची राहून गेली होती. पण हुशार मुलांच्या हातून घाईत असं व्हायचंच, म्हणून तिने ते सोडून दिलं होतं.

दुसरी शीट आज सकाळी आली होती. तिच्यावर हूक नव्हता, दांड्याची लांबी मात्र व्यवस्थित लिहिलेली होती. बाकी सगळं तेच. खालच्या कोपऱ्यात नाव होतं, धनराज भोये, मुक्काम पेठ.

हा भोये कोण, हे तिला काही केल्या आठवेना.

२

"धनराज भोये कोण आहे? उभा राहा."

अगदी शेवटच्या बाकावरून एक काटकुळा मुलगा उठला. मंजुषाने त्याची शीट उचलली आणि खिडकीच्या काचेवर, उन्हाच्या बाजूला धरली. अख्खा वर्ग बघत होता. तिला ते आवडत होतं, हेही इथे सांगून टाकलेलं बरं.

"जीटी म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको," ती म्हणाली. "काचेखाली दिवा लावायचा, काचेवर दुसऱ्याची शीट, तिच्यावर आपला कोरा कागद, आणि काढायच्या रेघा गिरवून. ग्लास ट्रेसिंग. फार सोपं. पण एक गोष्ट तुम्ही विसरता. वर्तुळ काढायचं तर कंपासचं टोक कागदात रुतावं लागतं. लाकडी बोर्डावर ते रुततं आणि मधोमध भोक पडतं. काचेवर टोक रुतत नाही, घसरतं. म्हणून जीटीवाला वर्तुळ हाताने नाहीतर वाटी ठेवून गिरवतो. आता बघा. ह्या मगाच्या मध्यातून उजेड येतोय?"

उजेड येत नव्हता. कागद मधोमध अगदी शाबूत होता.

"साईच्या मामांची निफाडला बाग आहे. पेठच्या डोंगरात द्राक्षं कुठून आली रे?"

वर्ग हसला. धनराज हसला नाही. तो तिच्याकडे बघत उभा राहिला, जणू ती अजून काही बोलणार होती आणि तो त्याचीच वाट बघत होता.

"जीटी मारलीस की नाही? सरळ सांग."

"मारली, मॅडम."

"झालं तर मग. जा."

तो आणखी थोडा वेळ थांबला. मग त्याने रेघा आखायचा ड्राफ्टर पिशवीत घातला आणि कुणाकडेही न बघता हॉलच्या बाहेर गेला.

विभागप्रमुख देवरे सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुस्कारा सोडला. ते तसे मऊ माणूस, पण कागदाच्या बाबतीत कडक. "लेखी द्या, विधाते मॅडम. मी सही करतो. टर्म नाही म्हणजे नाही. हॉस्टेलची खोलीही जाईल त्याची."

मंजुषा रिपोर्ट लिहायला हॉलमध्ये परत आली. हॉल रिकामा होता. पुरावा म्हणून दोन्ही शीट्स जोडायच्या, म्हणून तिने साईची शीट उचलली, आणि वाऱ्याने ती हातातल्या हातात उलटून खिडकीवर जाऊन चिकटली. ऊन तिच्यातून आरपार आलं. मंजुषा बघत राहिली.

साईच्या मगाच्या मध्यातूनही उजेड येत नव्हता.

३

तिने काचेवर बोटाने दाबून दाबून पाहिलं. मगाचं वर्तुळ पाहिलं, पन्हळीचं पाहिलं. कुठेही भोक नव्हतं. म्हणजे ही शीटसुद्धा जीटीच. सगळ्या वर्गासमोर एकाची शीट उजेडात धरली, आणि दुसऱ्याची धरून बघावी हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. पहिली लाज ती तिथे, रिकाम्या हॉलमध्ये, एकटी असताना वाटली.

पण लाजून भागणार नव्हतं. दोन्ही शीट्स गिरवलेल्या असतील तर ज्याच्यावरून गिरवल्या तो तिसरा कागद कुठेतरी असला पाहिजे. तो कुणाचा?

साई कॅन्टीनमध्ये सापडला. तिला बघून तो उठून उभा राहिला.

"साई, वर्तुळं कशाने काढलीस?"

"स्टेन्सिलने, मॅडम."

"दाखव तुझी स्टेन्सिल."

त्याने बॅगेतून हिरवी प्लॅस्टिकची पट्टी काढली. तिच्यातलं सगळ्यांत मोठं भोकसुद्धा शीटवरच्या मगाहून लहान होतं. मंजुषाने पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. साईचा हात ती परत घ्यायला लगेच पुढे आला.

"बरं, तो हूक. दांड्याला कसा जोडलायस?"

"वेल्डिंगने, मॅडम."

"दांडा बांबूचा लिहिलायस."

साईने पट्टी बॅगेत कोंबली. "म्हणजे... नटबोल्टने. मी बदलणार होतो." आणि मग एकदम, "मॅडम, माझा तास आहे," म्हणून तो निघून गेला. त्या वेळी कुणाचाही तास नव्हता.

साईने चोरी केली, एवढं तर आता स्वच्छ होतं. पण त्याने धनराजची चोरली असं म्हणावं, तर धनराजची शीटसुद्धा गिरवलेलीच. तसं त्याने स्वतःच कबूल केलं होतं. दोन चोरांनी एकाच घरात हात मारला होता काय?

हॉलची किल्ली दिनेश काठेकडे असे. तोही टीचिंग असिस्टंट, मंजुषाच्याच वर्गातला, आणि मुलांमध्ये फार प्रिय. इतका, की तो आवडत्या मुलांना चांगल्या शीट्स घरी न्यायला देतो अशी कुजबुज होती. मंजुषाने त्याला आडून आडून न विचारता सरळच विचारलं.

"मी?" दिनेश चिडला. "अगं, द्यायची काय गरज आहे? त्या खिडकीच्या कट्ट्यावर बघ. आपण परत केलेल्या शीट्स पोरं तिथेच टाकून जातात. कुणीही उचलतं, पाठकोऱ्या बाजूवर रफ काढतं. नावही नसतं त्यांच्यावर. पास झाल्याशिवाय कुणी नाव टाकतं का?"

ते खरं होतं. नाव शेवटी टाकायचं, ही मुलांची रीतच होती. आधी टाकलं आणि शीट परत आली तर सगळी अक्षरं पुन्हा कोरत बसावी लागत.

"आणि सकाळी तू ते काय बोललीस," दिनेश जरा खाली आवाजात म्हणाला, "पेठच्या डोंगरात द्राक्षं कुठून वगैरे. अगं बाई, निफाडच्या अर्ध्या बागा पेठच्या माणसांच्या हातावर चालतात. डिपिंगला गाड्या भरून माणसं येतात तिकडून. तुमच्या मखमलाबादच्या मळ्यात फुलं खुडायला कोण येतं?"

पेठच्याच बाया येत. मंजुषा लहानपणापासून त्यांना शेवंतीच्या वाफ्यांत वाकलेल्या बघत आली होती. त्यांची मुलं बांधावर खेळत. त्यांतल्या एकाचंही नाव तिला आज सांगता आलं नसतं.

"दिनेश, वर्गात एवढी सुरेख रेघ कुणाची येते?"

"तृप्तीची. दुसऱ्यांच्या शीट्स काढून देते असंही म्हणतात. पण जपून विचार. ती मुलगी तोंडाची फटकळ आहे."

४

तृप्ती लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसली होती. मंजुषाचं बोलणं तिने पुरतं ऐकून घेतलं आणि मग फणकाऱ्याने बॅगेतून एक गुंडाळी काढली.

"मी दुसऱ्यांच्या काढून देते? मॅडम, माझीच तुम्ही परत केली आहे. ही बघा. तुमच्या खुणा खोडून खोडून कागदाचा भुगा व्हायची पाळी आली."

तिने गुंडाळी सोडली. मंजुषाने पाहिलं. शीटवर जिथे जिथे काही चुकलं किंवा राहिलं होतं, तिथे तिथे पेन्सिलने केलेली एक छोटी खूण होती. मंजुषाचीच. शाईने मुलांचं काम खराब करू नये म्हणून ती पेन्सिलने खूण करायची, आणि सवयीने तिचा हात खाली वळून वर जायचा. तिने त्या खुणेकडे आयुष्यात कधी नीट पाहिलंच नव्हतं. हात करायचा आणि डोळे पुढच्या शीटवर जायचे.

खूण हुकासारखी होती. शेपूट वर गेलेला छोटा हूक.

"आम्ही मागच्या बाकावरच्या मुली तुम्हाला काय म्हणतो, सांगू का?" तृप्ती म्हणाली. "रागावणार नसाल तर. गळ मॅडम."

मंजुषा रागावली नाही. ती तृप्तीच्या शेजारी पायरीवर बसली.

"तू... साईची शीट मी फिरवली, तेव्हा तू जवळून पाहिलीस?"

"पाहिली की. तुम्ही माझ्या नाकाला लावली होती."

"आणि तुला कळलं?"

"लगेच. म्हणून तर हसलो आम्ही."

"मग बोलली का नाहीस, तृप्ती?"

तृप्तीने गुंडाळी पुन्हा घट्ट केली. "कोण बोलणार, मॅडम? टर्म तुमच्या हातात. आणि तुम्ही इतक्या खुशीत होता." मग जरा थांबून, "धनराज गेला. हॉस्टेलवरून वळकटी घेऊन जाताना पाहिलं मी त्याला. पेठच्या गाडीने जातो म्हणाला."

५

देवरे सरांच्या केबिनमध्ये दोन्ही शीट्स टेबलावर होत्या. साईला बोलावून घेतलं होतं. मंजुषाचा आवाज सकाळी वर्गात लागला होता तसा आता लागत नव्हता.

"सर, हा हूक ह्या वस्तूचा भागच नाही. म्हणून तो टॉप व्ह्यूमध्ये नाही आणि दांड्याला कुठे जोडलेलाही नाही. तो हवेत आहे. ही माझी तपासणीची खूण आहे. मूळ शीटवर दांड्याची लांबी लिहायची राहिली होती, म्हणून तिथे मी खूण केली आणि शीट परत दिली. ज्याची ती शीट होती त्याला खुणेचा अर्थ कळला. त्याने लांबी लिहिली आणि खूण सोडून दिली. आता बघा, लांबी कुणी लिहिलीय? धनराजने. आणि ज्याची ती नव्हती त्याने काचेतून जे जे दिसलं ते सगळं गिरवलं. माझ्या खुणेसकट. लांबी मात्र त्याच्या शीटवर नाहीच, कारण मूळ शीटवर ती नव्हती."

"पण मग भोयेनेही जीटी का मारली?"

"स्वतःच्याच शीटची मारली, सर. त्याची पहिली शीट मळलेली होती, एवढंच मला आता आठवतंय; तिच्यावरचं चित्र मी नीट पाहिलंच नव्हतं. मी ती 'घाण आहे, परत काढ' म्हणून सरकवली होती. त्याने कट्ट्यावर ठेवण्याआधी ती रात्रीतून स्वच्छ कागदावर उतरवून घेतली असणार. पुन्हा पहिल्यापासून कोण काढत बसेल? मी त्याला विचारलं, जीटी मारलीस का. तो हो म्हणाला. कुणाची मारलीस, हे मी विचारलंच नाही."

देवरे सरांनी चष्म्यावरून साईकडे पाहिलं. साईने आधी मान हलवली, मग खाली घातली.

"कट्ट्यावर पडली होती, सर. गिरवून झाल्यावर फाडून टाकली. नाव नव्हतं तिच्यावर. मामांच्या बागेत असं काम चालतं हे मला माहीत होतं, म्हणून वाटलं, शोभून जाईल."

"आणि हा हूक? वर्षभर शिकतोस ह्यांच्या हाताखाली, ह्यांची खूण ओळखली नाहीस?"

"माझ्या शीटवर मॅडमनी कधी खूण केलीच नाही, सर," साई रडवेला होऊन म्हणाला. "रेघ दिसली, ओढली. मॅडम वर्गात म्हणाल्या तेव्हा मला कळलं, तो हूक आहे."

हे ऐकून मंजुषाला कुठे बघावं ते कळेना. साईच्या शीट्स ती वरवर चाळून पास करत आली होती, हे खरंच होतं. स्वच्छ कागद, स्वच्छ शर्ट, अदब. धनराजच्या शीटवर तिने खूण केली होती आणि माणूस पाहिला नव्हता. आणि आठवडाभर ती जिचं कौतुक करत फिरली ती कुणाची प्रतिभा नव्हती. ती तिच्याच पेन्सिलीची नकाराची खूण होती.

देवरे सरांनी दोन्ही शीट्स एकावर एक ठेवल्या. "कोठावदेचं मी बघतो. पण विधाते मॅडम, तक्रार तुम्हीच घेऊन आलात आणि मुलाने कबुली दिलीय, सगळ्या वर्गाने ऐकलीय. आता तुम्ही म्हणता म्हणून मी उलटं कसं लिहू? मूळ शीट कुणाकडे नाही. त्याला उद्या सकाळी माझ्यासमोर आणा. त्याने स्वतः येऊन सांगावं आणि ही वस्तू माझ्यासमोर पुन्हा काढून दाखवावी. आला नाही तर मुदत संपली. मग माझा इलाज नाही."

मंजुषाने स्कूटीची किल्ली घेतली.

६

जुन्या सीबीएस बसस्टँडवर पेठची गाडी लागली होती. कंडक्टर दारात उभा राहून माणसं आत कोंबत होता. धनराज मागच्या बाजूला, खिडकीशी बसला होता, वळकटी मांडीवर घेऊन. ड्राफ्टरची पिशवी वळकटीत खोचलेली होती.

मंजुषा आत चढली. शेजारच्या बाईने तिला जागा दिली नाही, म्हणून ती दांडीला धरून उभीच राहिली.

"धनराज."

त्याने वर पाहिलं. उठला नाही.

"पहिली शीट तुझी होती. मला आज दुपारी कळलं."

"दुपारी?" धनराज म्हणाला.

"हो. सरांना सांगितलंय मी सगळं. उद्या सकाळी तू त्यांच्यासमोर आलास तर वर्ष जाणार नाही. उतर खाली. तू सकाळी का बोलला नाहीस? नुसतं एवढं म्हणाला असतास, की माझीच शीट उतरवली आहे..."

"काय बोलू, मॅडम?" तो हळूच बोलत होता, पण आसपासची माणसं ऐकायला लागली होती. "ती शीट मी तुमच्या हातात दिल्ती. तुमी पायली, खूण केली, परत दिली. मागल्या आठवड्यात साईची घेऊन तुमी फिरल्या, तवा मला वाटलं, मॅडमला ठावं हाय, त्या बघतील. म्हनून मी बिनघोर जमा केली. आन् आज तुमीच सगळ्यांम्होरं तसं बोलल्या. मंग मला वाटलं, ह्यांनी ठरवूनच केलंय. साईला पुढं करायचं हाय यांना. तुमाला ठावं असून तुमी बोलताय म्हनल्यावर मी कोनाला सांगू?"

हा मुलगा सकाळपासून तिला खोटारडी समजत होता. आणि खरं काय ते सांगायचं, तर त्याहूनही कमीपणाचं काहीतरी कबूल करावं लागणार होतं. खोटं बोलायला निदान माणूस डोळ्यांपुढे असावा लागतो. क्षणभर तिच्या मनात आलं, हे इथे, एवढ्या लोकांत नको. उद्या केबिनमध्ये बोलू. पण सकाळी त्याला लोकांतच उभं केलं होतं तिने.

"मला ठाऊक नव्हतं, धनराज," ती म्हणाली. "तू शीट दिलीस तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलंच नाही. मळलेला कागद पाहिला. कुणाचा हात आहे ते वर मान करून पाहिलं नाही. आज सकाळी नाव वाचलं, तरी हा कोण ते मला आठवेना. आणि द्राक्षांचं जे बोलले... आमच्याच मळ्यात तुमच्याकडची माणसं येतात. मला त्याची लाज वाटते. खूप लाज वाटते."

धनराज खिडकीबाहेर बघत होता.

"तुमी खोटं बोलल्या असत्या तर बरं व्हतं, मॅडम," तो शेवटी म्हणाला. "मंग राग तरी धरता आला असता. माझी आई दरसाल निफाडला डिपिंगला जाती. रातीला तिचे हात खाली येत नायत, आम्ही धरून आनतो खाली. ते कागदावर काढलं मी. आन् तुमी पायलंच नाय."



कंडक्टर मागे आला. "ताई, पेठ का? तिकीट काढा, नायतर उतरा. गाडी सुटली."

मंजुषा धनराजकडे बघत राहिली. उतर असं पुन्हा म्हणायचा तिला धीर होईना. कंडक्टरने दोरी ओढली, घंटी वाजली, गाडी थरथरली.

धनराज उठला. वळकटी खांद्यावर घेतली आणि माणसांच्या मधून वाट काढत दाराकडे निघाला. तिच्याजवळून जाताना तो थांबला.

"उतरतोय मी. पन तुमच्यासाठी नाय. आईला सांगितलंय, वर्ष पुरं करीन."

तो खाली उतरला. मंजुषा त्याच्या मागून उतरली. वळकटी एका बाजूने सुटून लोंबत होती, म्हणून तिने ती धरायला हात पुढे केला.

"राहू द्या," धनराज म्हणाला, आणि वळकटी दुसऱ्या खांद्यावर घेऊन पुढे चालू लागला. ती काही अंतर ठेवून त्याच्या मागून चालत राहिली.